दुसऱ्या दिवसाची सोय

२२ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाचे सी-१७ जातीचे अवजड विमान काबूलहून गाझियाबादच्या हिंडन तळावर उतरले. विमानात १६८ माणसे होती. त्यांतले १०७ भारतीय नागरिक. बाकीच्यांत वीसेक अफगाण शीख आणि हिंदू होते, आणि त्यांच्यातच अफगाण संसदेचे दोन सदस्य होते : नरेंद्रसिंग खालसा आणि अनारकली कौर होनरयार. खालसांचे वडील अवतारसिंग २०१८ च्या जुलैत जलालाबादच्या बॉम्बस्फोटात मारले गेले होते. होनरयार पेशाने दंतवैद्य. स्त्रियांच्या आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना २०११ मध्ये युनेस्कोचा मदनजीतसिंग पुरस्कार मिळाला होता. उतरल्यावर पत्रकारांशी बोलताना खालसांना रडू आवरले नाही.

त्याच्या दोनच दिवस आधी, २० ऑगस्टला, अफगाण संसदेच्या आणखी एक सदस्य रंगीना कारगर इस्तंबूलहून दिल्लीच्या विमानतळावर उतरल्या होत्या. त्यांच्याकडे राजनैतिक पारपत्र होते. त्यांना शहरात येऊ दिले गेले नाही. विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. पुढे भारत सरकारने झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि आपत्कालीन व्हिसासाठी अर्ज करा असे त्यांना कळवले. एकाच संसदेचे सदस्य, एकच आठवडा, एकच राजधानी. पण दोन दारांवर दोन वेगळे अनुभव.

आणि तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी, बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून निघाल्या तेव्हा त्यांचे विमानही याच हिंडन तळावर उतरले. तेव्हा गाझियाबादच्या श्रोत्यांपुढे आश्रय मागणाऱ्या माणसांविषयी बोलताना युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यांपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. वैशाली-इंदिरापुरमच्या गच्चीवरून ज्या तळावरची विमाने दिसतात, तिथेच हा विषय वारंवार उतरलेला आहे.

विमान उतरते तो दिवस सोपा असतो. पाण्याच्या बाटल्या असतात, कॅमेरे असतात, मंत्री असतात, गुरुद्वाऱ्याचा लंगर असतो. त्या दिवशी माणसे खरोखरच मनापासून मदत करतात आणि त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अवघड असतो तो दुसरा दिवस, आणि मग दुसरा महिना, दुसरे वर्ष. खोली कुणाच्या नावावर घ्यायची, मुलांना कुठल्या शाळेत घालायचे, हातात कसब असले तरी काम कोण देणार, आणि पोलिसांनी अडवले तर दाखवायचे काय? आश्रय देणाऱ्या देशाची परीक्षा याच प्रश्नांवर होते, आणि महाराष्ट्राच्या आणि दिल्ली परिसराच्या इतिहासात तिचे उत्तम निकालही सापडतात. ते आपण पुरेसे लक्षात ठेवलेले नाहीत.

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी गूळ मार्केट सोडल्यावर वळिवडे नावाच्या छोट्या स्थानकावर येते. १९४३ च्या उन्हाळ्याअखेरीस इथे पोलंडमधून परागंदा झालेली माणसे उतरू लागली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांचा प्रवास तीन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतल्यावर, १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा समीकरण बदलले. जुलैअखेर पोलंडचे लंडनमधले परागंदा सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला आणि या कैद्यांना सोडण्यात आले. जनरल आंडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. कुपोषण आणि टायफसने त्यांतली अनेक तिथेच गेली. उरलेल्यांपैकी काही कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून पुढे कोल्हापूरला आली.

वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार लोक राहिले. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला छावणी काढून पोलिश अनाथ मुलांसाठी जे केले त्याची कथा आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्यालाच आणण्यात आली. आकाराने वळिवडे कितीतरी मोठे, तरी महाराष्ट्रातच त्याची आठवण उशिरा जागी झाली. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर बालवयाचे शिवाजी छत्रपती होते. संस्थानने जमीन दिली, व्यवस्था ब्रिटिश आणि पोलिश अधिकाऱ्यांनी लावली, आणि खर्च पोलंडचे लंडनमधले सरकार उचलत होते.

या शेवटच्या वाक्यातला व्यवहार महत्त्वाचा आहे. वळिवडे ही दयेवर चाललेली जागा नव्हती. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी होत्या. कुटुंबागणिक खोल्या आणि स्वयंपाकाची जागा होती. म्हणजे रांगेत ताट घेऊन उभे राहायचे नव्हते. भत्ता मिळायचा, बाजारातून भाजी आणायची, आपल्या चुलीवर आपल्या चवीचे शिजवायचे. सैबेरियात ज्या बाईला वर्ष-दोन वर्षे आपल्या लेकरांना काय खायला घालायचे हे ठरवता आले नव्हते, तिला ते पुन्हा ठरवता आले. छावणीत प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, धंदेशिक्षण होते. चर्च, दवाखाना, टपाल, नाट्यगृह होते. बालवीर-वीरबाला पथके होती. शिक्षक त्यांचेच, भाषा त्यांचीच, अभ्यासक्रम पोलंडचा. छावणीचा कारभारही पोलिश लोकच पाहत.

कोल्हापूरची माणसेही या कहाणीत आहेत. दूध, भाजी, कापड घेऊन छावणीत येणारे विक्रेते, बराकींत काम करणारे गडी, पंचगंगेवर पोहायला आलेल्या गोऱ्या पोरांशी मोडक्या शब्दांत बोलणारी गावची पोरे. एका पोलिश मुलीने कोल्हापुरी तरुणाशी लग्न केले, मराठी नाव घेतले आणि छावणी उठल्यावरही ती कोल्हापूरलाच राहिली. हे घडायला कुणी सामाजिक सलोख्याची योजना आखली नव्हती. रोजचा बाजार, शेजार आणि नदी एवढ्यावर ते घडले.

१९४५ च्या जुलैत ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. वळिवड्यातली माणसे एका रात्रीत पुन्हा अधांतरी आली. ज्या सोव्हिएत सरकारने त्यांना जबरीने हद्दपार केले त्याच्याच छायेखालच्या पोलंडमध्ये परत जायला बहुतेकजण तयार नव्हते, आणि त्यांना जबरदस्तीने पाठवण्यात आले नाही. पुढे १९४७ च्या कायद्याने ब्रिटनने आंडर्सच्या सैनिकांच्या कुटुंबांना दार उघडले. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आफ्रिका अशा वाटांनी गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. ‘भारतातील पोलिशांची’ एक संघटना त्यांनी ब्रिटनमध्ये उभारली आणि ही माणसे आयुष्यभर एकमेकांना भेटत राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांच्यापैकी काही वयोवृद्ध मंडळी पुन्हा कोल्हापूरला आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सात जाऊन कोल्हापूरच्या आणि वळिवडे छावणीच्या स्मारकाला फुले वाहिली.

पण त्या बराकींची गोष्ट तिथे संपत नाही. पोलिश माणसे निघाली आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर झाले. आज पश्चिम महाराष्ट्रातले, कोकणातले, कर्नाटकाच्या सीमेवरचे दुकानदार कापडाच्या खरेदीला जिथे जातात ती ही घाऊक बाजारपेठ. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर झाले, हे अनेकांना ठाऊक असते. गांधीनगर त्याचे धाकटे भावंड.

एकाच जागी, एकाच छपराखाली, पाच वर्षांच्या अंतराने दोन समाज आले. पोलिशांना शाळा मिळाली, सन्मान मिळाला, पण या देशात कायम राहण्याची वाट त्यांच्यापुढे नव्हती, म्हणून ते गेले. सिंधी माणसांना सुरुवातीला पोलिशांइतकीही नीट व्यवस्था मिळाली नाही. कॅम्पातली गर्दी, पाण्याची टंचाई, स्थानिकांची कुरकुर हे सगळे त्यांनी सोसले. मात्र त्यांच्याकडे एक गोष्ट होती. ते नागरिक होते. दुकान टाकायला, कर्ज घ्यायला, मालमत्ता नावावर करायला त्यांना कुणाची परवानगी नको होती. दारोदार कापडाचे गठ्ठे घेऊन फिरणारा माणूस एका पिढीत पेढीवर बसला तो या एका फरकामुळे.

गाझियाबादहून तासा-दीड तासावरचे फरीदाबाद हेच सांगते, आणि जास्त ठसठशीतपणे. वायव्य सरहद्द प्रांतातून, विशेषतः बन्नू आणि आसपासच्या भागातून आलेल्या हजारो हिंदू-शीख निर्वासितांसाठी १९४९-५० मध्ये इथे नवे औद्योगिक शहर उभारायचे ठरले. आजही लोक त्या भागाला एनआयटी म्हणतात. कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन या कामात उतरली. निर्वासितांना आयता शिधा देत ठेवायचे आणि घरे मात्र सरकारी बांधकाम खात्याने ठेकेदारांकडून बांधून घ्यायची, असा सरळ सरकारी मार्ग होता. कमलादेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नाकारला. घरे निर्वासितच बांधतील, त्यांच्या सहकारी संस्था काम घेतील, आणि मजुरीही त्यांनाच मिळेल, असा आग्रह त्यांनी धरला. ज्यांनी कधी वीट उचलली नव्हती असे लोक गवंडीकाम शिकले. सुमारे पाच हजार घरे उभी राहिली. शहराच्या विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते आणि पंतप्रधान नेहरू स्वतः बैठकांना बसत. लक्ष्मीचंद जैन तरुण कार्यकर्ते म्हणून यात होते. त्यांनी पुढे या शहरावर पुस्तक लिहिले. पुढच्या काळात सरकारी यंत्रणेने सहकारी संस्थांचे हातपाय कापले, ही खंत त्यात आहे आणि ती योग्य आहे. तरी मुळातला धडा शिल्लक राहतो : फुकट शिध्यापेक्षा मजुरीचे पैसे निर्वासित माणसाला लवकर उभे करतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात उलट दिशेचेही एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. हिटलरच्या छळातून पळालेले जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू तीसच्या दशकात मुंबईला येत होते. तिथल्या ज्यूंनी १९३४ मध्ये त्यांच्यासाठी मदत संघ काढला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्रधारक म्हणून त्यांनाही शत्रूच्या यादीत घातले. नाझींपासून पळालेला आणि नाझी असलेला, दोघेही एकाच तारेच्या कुंपणात. अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा ही नावे त्या काळच्या नजरकैदेच्या कागदपत्रांत येतात. चौकशी समितीने एकेकाला तपासून सोडवले, पण काहींची वर्षे गेली.

आणि जे मुंबईत राहिले त्यांनी काय दिले? प्रागहून १९३४ मध्ये मुंबईला आलेले वॉल्टर काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी जी धून मराठी घरांत चार पिढ्यांनी ऐकली तिचे कर्तृत्व त्यांच्याकडे जाते. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लेडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी हुसेन, रझा, आरा, सूझा या होतकरू मुंबईकर चित्रकारांच्या पाठीशी उभे राहून त्यांची चित्रे पाहिली, विकत घेतली, त्यांवर लिहिले.

आता आजच्या दिल्लीकडे वळू.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पुरवणीवर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. व्यवहारात दोन वाटा आहेत. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहते. मजनू का टिला किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची नोर्ग्येलिंग वसाहत ही त्याचीच उदाहरणे. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया वगैरे देशांतून येणाऱ्यांची नोंद मात्र संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, म्हणजे वसंत विहारच्या कार्यालयात होते. आधी नोंदणी, मग अर्ज विचाराधीन असल्याचा कागद, मग सविस्तर मुलाखत, आणि गोष्ट पटली तर निर्वासित म्हणून ओळखपत्र. २०२२ च्या सुरुवातीला या कार्यालयाकडे नोंदलेल्यांची संख्या सेहेचाळीस हजारांच्या घरात होती. एकशे चाळीस कोटींच्या देशात ही संख्या किती लहान आहे हे प्रत्येकाने स्वतःशी मोजून पाहावे; ओझ्याची भाषा करण्यापूर्वी हे मोजणे आवश्यक आहे.

हे ओळखपत्र मोलाचे आहे आणि अपुरेही. पोलीस ते कधी मानतात, कधी मानत नाहीत. त्यावर बँकेत खाते उघडेलच असे नाही, सिमकार्ड मिळेलच असे नाही. २०१२ पासून पात्र निर्वासितांना दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची तरतूद आहे आणि तो मिळाला तर खासगी क्षेत्रात काम करता येते. पण तो सर्वांना मिळत नाही. मग काबूलमध्ये दवाखाना चालवणारा डॉक्टर लाजपतनगरच्या रुग्णालयाबाहेर दुभाष्या होतो, आणि म्यानमारच्या चिन प्रांतातली शिक्षिका विकासपुरी-उत्तमनगरच्या कारखान्यात कागदाशिवाय, ठरवून दिलेल्या मजुरीशिवाय शिवण घालते. चिन बायका रात्री भाजीबाजार उठल्यावर उरलेली, फेकलेली भाजी वेचतात, हे दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी अनेकदा छापले आहे. पगार बुडाला तर तक्रार करायची कुणाकडे, हा त्यांचा खरा प्रश्न. काम तर त्या आजही करतातच. फक्त त्या कामाला कायद्याचे छप्पर नाही, आणि त्याचा फायदा शोषण करणाऱ्याला मिळतो.

न्यायालयांनी काही आधार दिला आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनेचे एकविसावे कलम, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला लागू आहे, आणि राज्याने या लोकांचे रक्षण केले पाहिजे. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवायला त्याच न्यायालयाने नकार दिला; रीतसर प्रक्रिया पाळून पाठवता येईल, असे सांगितले. म्हणजे राहू द्यायचे की नाही हे शेवटी सरकारच्या इच्छेवर. इच्छा बदलते तेव्हा माणसाचे काय होते ते वळिवड्याच्या लोकांनी १९४५ मध्ये पाहिले होते.

हिंडनवर उतरलेल्या अफगाण शीख कुटुंबांचेच पाहा. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सहा समाजांना नागरिकत्वाची वाट दिली, त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. त्यात अट आहे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले असण्याची. २०२१ मध्ये सरकारी विमानातून आणलेली माणसे त्या अटीत बसत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यासोबतच्या आदेशाने याच समाजांतल्या, २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांवर पारपत्र-व्हिसा नसल्याबद्दल कारवाई होणार नाही एवढे झाले. कारवाई न होणे आणि हक्काने उभे राहणे यांत मोठे अंतर आहे. आणि हजारा, रोहिंग्या, चिन, सोमाली यांच्यासाठी तर एवढेही नाही. छळातून सुटलेल्या माणसाची जात-धर्म पाहून सुरक्षिततेचे माप बदलावे हे घटनेच्या एकविसाव्या कलमाशी जुळत नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दिल्लीच्या तिलकनगरमधल्या अफगाण शिखांनी आपले गुरुद्वारे आणि संस्था स्वतः उभ्या केल्या. तरीही त्यांतली अनेक कुटुंबे गेल्या काही वर्षांत कॅनडाला निघून गेली. कॅनडात १९७९ पासून एक पद्धत आहे : एखादी संस्था, आणि २०२४ पर्यंत पाच किंवा अधिक नागरिकांचे गटही, एका निर्वासित कुटुंबाची पहिल्या वर्षाची जबाबदारी घेत आले आहेत. घरभाडे, शाळा, भाषा, दवाखाना, नोकरीचा शोध. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधल्या साठ हजार लोकांना कॅनडाने घेतले, त्यांतले निम्म्याहून अधिक अशा खासगी गटांनी. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नान्सेन पदक कॅनडाच्या सरकारला नव्हे, कॅनडाच्या जनतेला दिले. अल्बर्टातले दिवंगत आमदार मनमीतसिंग भुल्लर यांच्या नावाची संस्था दिल्लीत अडकलेल्या अफगाण शिखांना याच वाटेने नेते. भारताने वाचवलेली माणसे पाय रोवण्यासाठी दुसरा देश शोधतात, ही भारतासाठी अभिमानाची गोष्ट नाही.

गाझियाबादला या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. २०२० च्या सप्टेंबरात नंदग्राममधल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे परदेशी नागरिकांसाठीच्या स्थानबद्धता केंद्रात रूपांतर होणार अशी बातमी आली. विरोध झाला, मायावतींनी आवाज उठवला आणि सरकारने निर्णय मागे घेतला. विरोधाचा मुख्य मुद्दा विद्यार्थ्यांचे वसतिगृह जाण्याचा होता, आणि तो रास्तच होता. तिथे ज्यांना ठेवले जाणार होते त्यांच्याविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही. पुरंदरावरच्या ज्यूंची चौकशी एकेकाची स्वतंत्रपणे झाली म्हणून ते सुटले. अशी वैयक्तिक, वेळेत होणारी, दुभाषा आणि वकील देणारी चौकशी ही कुठल्याही स्थानबद्धतेची किमान अट असायला हवी.

सुरक्षेची चिंता खोटी नाही. सीमेपलीकडून येणाऱ्यांत कोण आहे हे सरकारला कळले पाहिजे. पण कळण्याचा मार्ग नोंदणीतून जातो. कागद दिला की माणूस पत्त्यासह यादीत येतो. कागद नाकारला की तो भाड्याच्या खोलीतून खोलीत, नावे बदलत, ठेकेदाराच्या मर्जीवर जगतो आणि पोलिसांनाही सापडत नाही. निर्वासितांचा कायदा व्हावा यासाठी शशी थरूर यांनी संसदेत खासगी विधेयकेही मांडली. मत कुठल्याही पक्षाचे असो, असा कायदा सुरक्षेच्याही हिताचा आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर दिल्ली परिसरातले एखादे मंडळ, एखादी गृहनिर्माण संस्था किंवा चार कुटुंबेही पुष्कळ काही करू शकतात, आणि त्यांतले बहुतेक काम पैशाचे नाही, सोबत जाण्याचे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याच्या वयाला साजेशा वर्गात त्याला बसवावे लागते. हे शाळेच्या खिडकीवर हिंदीत ठामपणे सांगणारा एक माणूस बरोबर असला की आधारकार्डाच्या आग्रहावर अडलेला प्रवेश पुढे सरकतो. उत्तर प्रदेशात नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे ही खटपट मार्चपासून करायची. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गरोदर अफगाण बाईबरोबर दारी भाषा समजणारी दुसरी बाई असेल याची आखणी करायची. अशा बायका दिल्लीत आहेत, त्यांना दुभाष्याचे मानधन द्यायचे. अफगाण बायका टाकाऊ कापडाच्या बाहुल्या करून परदेशी पाठवणाऱ्या सिलाईवालीसारख्या उद्यमाला कामे मिळवून द्यायची.

घर भाड्याने देणाऱ्याला भाडेकरूची पोलीस पडताळणी करावी लागते, आणि परदेशी माणूस राहायला आला तर त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन फॉर्म भरून चोवीस तासांत कळवावी लागते. हे न कळल्यामुळे किंवा त्याची भीती वाटल्यामुळे अनेक घरमालक सरळ नाही म्हणतात आणि निर्वासित कुटुंब मग दीडपट भाड्यात तळघरात जाते. एका सोसायटीच्या सचिवाने हा फॉर्म एकदा भरायला शिकून घेतला आणि बाकीच्या घरमालकांना दाखवला, तर त्या इमारतीतली एक खोली तरी उघडते. लेखी भाडेकरार आणि भाड्याची पावती हातात आली की त्याच पत्त्यावर व्हिसाचा अर्ज, शाळेचा अर्ज आणि दवाखान्याचे कार्ड यांची सुरुवात करता येते.